खरा पत्ता

कुठं लागतो मासा, काका?
पोरगा मोटारसायकल उभी करून विचारतो.
पाठीला नवी कोरी काठी,
चाकावर अजून दुकानाची चिठ्ठी.

भुसावळच्या लोकोशेडमध्ये मी चौतीस वर्षं बोल्ट आवळले
आणि दर सुट्टीला खोटं बोललो.
गळवाल्यानं दिलेला पत्ता हा पत्ता नसतो.
ती एक दिशा असते,
बरोबर उलटी.

हतनूरला जा म्हणायचो, दरवाज्यांच्या अंगाला,
जिथं पाणी फेसाळतं
आणि कणकेचा गोळा दोन मिनिटं टिकत नाही.
वरच्या गाळात बुडालेल्या बाभळी,
त्यांच्या फांद्यांवरचं शेवाळ ओरबाडणारा
मांडीएवढा रोहू,
हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

वाघूर खोल आहे,
मनात ठेवणाऱ्या माणसासारखं.
थंडीत तिथं दोरी सोडत राहावी लागते, सोडत राहावी लागते,
आणि मग कळतं की आपण दगड धरलाय.
अंजनीच्या काठाला पाणगवत आहे, गवतात मरळ.
ती बेडकीशिवाय तोंड उघडत नाही.
सुकीचं पाणी इतकं नितळ
की मासा आधी तुला बघतो,
मग ठरवतो.
मन्याडचं विचारू नकोस. तिथं माझी काठी मोडली.

युनूस पिंजारी माझा जोडीदार.
दिवसभर गाद्या पिंजायचा,
भुवयांवर कापूस घेऊनच पाण्यावर यायचा.
कणकेत काळं पडलेलं केळ, चिमूट ओवा
आणि दोन बोटं पिंजलेला कापूस मळायचा.
धागा धरून ठेवतो, म्हणायचा,
नाहीतर माणूस काय, कणिक काय, पाण्यात सुटतंच.

एका शनिवारी मी त्याला सांगितलं,
उद्या भाचीचं बारसं आहे, चोपड्याला.
तो म्हणाला, बरं झालं,
मलाही फैजपूरला सात गाद्या आहेत.
पहाटे पाचला
एकाच पाझर तलावावर, एकाच दगडावर
दोन कंदील.

कुणीच काही बोललं नाही.
तो थोडा सरकला.
मी बसलो.
उजाडेपर्यंत त्याला तीन कटले लागले, मला एक शिंगाडा.
शिंगाड्यानं माझा अंगठा फोडला,
तर त्यानं कापूस काढून दिला.
बारसं कसं झालं, एवढंच विचारलं.

आता तो सुरतेला असतो, लेकाकडे, चौथ्या मजल्यावर.
बादलीत पाणी भरताना आवाज ऐकतो म्हणे.

तर काल, का कुणास ठाऊक,
या पोराला मी खरं सांगितलं.
वरणगावच्या अलीकडे वीटभट्टी संपते तिथं डावीकडे,
गाडीवाट धर,
केळीच्या बागेचं कुंपण मोडलंय तिथून आत,
दोन आंबे, त्यातला एक वाळलेला,
मग चढ, मग पाणी.
दगड सपाट आहे. दोघं मावतात.
गोळ्यात कापूस घाल.

पोरगा हसला.
कापूस! म्हणाला. काका, तुमच्याबद्दल
सगळ्यांनी आधीच सांगून ठेवलंय.
आणि किक मारून गेला
हतनूरच्या दरवाज्यांकडे.

मग मीच आलो.
सकाळपासून धांड्याचा तरंगा हललेला नाही.
त्यावर एक चतुर येऊन बसतो,
उडतो, पुन्हा तिथंच बसतो.
आंबा पाण्यात उलटा पडलाय, वाळलेलाही.

खिशातला फोन वाजतो.
पाण्यावर शे का भो, युनूस विचारतो.
शे, म्हणतो मी.
मासा?
मी तरंग्याकडे बघतो. चतुराकडे.
आयुष्यात पहिल्यांदा एकाच दिवशी दुसऱ्यांदा खरं बोलायची वेळ येते.
आठे काहीच नही शे भो, म्हणतो मी,
काहीच नही.

पलीकडे जरा वेळ नुसता श्वास.
नळ बंद केल्याचा आवाज.
मंग मी येस, तो म्हणतो,
ऐतवारले.